गुलाबी बोंडअळीच्या प्रतिकार-जनुकांची पडताळलेली सारणी : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात करत आहोत. गुलाबी बोंडअळीमध्ये बीटी प्रथिनांविरुद्ध (बीटी कापसाच्या झाडातच तयार होणाऱ्या, अळीला मारणाऱ्या प्रथिनांविरुद्ध) जो प्रतिकार निर्माण झाला, त्याच्याशी निगडित जनुकांची माहिती निरनिराळ्या खुल्या डेटाबेसमध्ये विखुरलेली आहे. ती एका सारणीत आणावी, प्रत्येक ओळीचा आधार स्वतः तपासावा आणि विदर्भ-मराठवाड्यातील कापसावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती विश्वासाने वापरता यावी, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात नोंदवून ठेवतो. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यात क्राय१एसी हे एकच प्रथिन होते. २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड असलेले वाण आले. क्राय१एसीला दाद न देणाऱ्या अळ्या गुजरातमध्ये आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, पुढे दुसऱ्या प्रथिनाचाही प्रभाव ओसरला, आणि २०१७ च्या खरिपात आपल्याकडील शेतकऱ्यांनी जे नुकसान सोसले ते सर्वांच्या स्मरणात आहे. अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. झाडातच असलेले प्रथिन निष्प्रभ झाले की शेतकऱ्याच्या हातात फारच थोडे उपाय उरतात. म्हणून हा प्रतिकार नेमका कोणत्या जनुकात आणि कोणत्या बदलामुळे येतो, याची माहिती अचूक असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

सारणीत प्रत्येक जनुकासाठी पुढील गोष्टी असाव्यात असे ठरले : ॲक्सेशन क्रमांक (डेटाबेसमधील नोंदीचा ओळख क्रमांक) त्याच्या आवृत्तीसह, ज्या जीनोम-जुळणीवर (तुकड्यांत वाचलेले क्रम जोडून उभ्या केलेल्या जीनोमवर) जनुकाची जागा दाखवली आहे तिचा क्रमांक, आधाराचा प्रकार, ज्ञात सदोष अलील (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे), आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरे. शेवटचा रकाना औपचारिक वाटेल, परंतु एखाद्या ओळीबद्दल शंका आली तर उत्तर देणारी व्यक्ती कोण, हे ठरलेले असावे असा आमचा आग्रह आहे.

१२ जून २०२५

कोठे काय मिळते याचा आढावा घेतला. डीएनए-आरएनएचे मूळ क्रम (अक्षरांच्या माळा) अमेरिकेतील जेनबँक, युरोपातील ईएनए आणि जपानमधील डीडीबीजे या तीन ठिकाणी जमा होतात आणि ही तिन्ही केंद्रे आपसांत माहितीची नियमित देवाणघेवाण करतात, त्यामुळे एका ठिकाणी सादर केलेला क्रम तिन्हीकडे दिसतो. तिघांपैकी कोणत्या केंद्राचे संकेतस्थळ वापरले याला म्हणून फारसे महत्त्व नाही. आपण पाहत असलेली नोंद संशोधकाने सादर केलेली आहे की डेटाबेसने स्वतः तयार केलेली आहे, हे मात्र महत्त्वाचे आहे. जीनोम-जुळणीचा क्रमांक ‘जीसीए’ने सुरू होत असेल तर ती सादरकर्त्याची मूळ जुळणी असते, ‘जीसीएफ’ने सुरू होत असेल तर ती रेफसेक या संग्रहासाठी घेतलेली प्रत असते, जिच्यावर एनसीबीआयने (जेनबँक चालवणाऱ्या अमेरिकी केंद्राने) आपल्या पद्धतीने जनुकांची मांडणी केलेली असते. तसेच आरएनए नोंदीचा क्रमांक ‘एनएम’ने सुरू झाला तर तिला ज्ञात क्रमाचा आधार असतो, आणि ‘एक्सएम’ने सुरू झाला तर ती संगणकाने वर्तवलेली असते. गुलाबी बोंडअळीसारख्या कीटकाच्या बाबतीत जवळजवळ सर्व काम ‘एक्सएम’ नोंदींवरच करावे लागते, ही वस्तुस्थिती आरंभीच लक्षात घेतलेली बरी.

याशिवाय तीन स्रोत हाताशी ठेवत आहोत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाचे आय-फाइव्ह-के वर्कस्पेस, जिथे संशोधक स्वतः जनुकांच्या रचना हाताने दुरुस्त करू शकतात. चीनमधील झेजियांग विद्यापीठातील गटाचे इन्सेक्टबेस, ज्याच्या २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीत ८१५ कीटकांचे जीनोम एकत्र आणलेले आहेत. आणि फळमाशीसाठीचे (प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या ड्रॉसोफिलासाठीचे) फ्लायबेस. फळमाशी कापसावर येत नाही. तरीही कीटकांच्या जनुकांविषयी जे प्रयोगांती ठाऊक आहे, त्याचा मोठा हिस्सा तिच्याकडूनच आलेला आहे.

संदर्भासाठी कोणता जीनोम घ्यावा हा प्रश्न सोपा होता. गुलाबी बोंडअळीचा गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवलेला जीनोम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेच्या प्रकल्पातून आलेला आहे.

१९ जून २०२५

कॅडहेरिन या पहिल्या जनुकावर काम सुरू केले. अळीच्या मध्यांत्रातील पेशींवर हे प्रथिन असते आणि क्राय१एसी त्याला चिकटते. प्रथिन सदोष झाले तर विष चिकटत नाही आणि अळी वाचते. गुलाबी बोंडअळीतील या जनुकाचे आर१, आर२ आणि आर३ हे तीन सदोष अलील ॲरिझोनातील अळ्यांपासून वाढवलेल्या वाणांमध्ये आढळल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आर१ मध्ये २४, आर२ मध्ये २०२ आणि आर३ मध्ये १२६ बेस (डीएनएची अक्षरे) गळालेले आहेत. पेशी तीन-तीन बेसचे गट वाचून प्रत्येक गटामागे एक अमिनो आम्ल जोडते. वरीलपैकी २४ आणि १२६ या संख्यांना ३ ने निःशेष भाग जातो, म्हणून तिथे अनुक्रमे ८ आणि ४२ अमिनो आम्ले कमी होतात, परंतु वाचनाची चौकट टिकते. २०२ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे आर२ मध्ये चौकट सरकते आणि प्रथिन अर्ध्यावरच थांबते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, कारण पुढील सर्व अलील समजून घेण्याची किल्ली त्यातच आहे.

डेटाबेसमध्ये हे जनुक नावाने शोधू नये, असा नियम आम्ही केला. स्वयंचलित मांडणी करणारी प्रणाली नव्या जनुकाला त्याच्या जवळच्या ज्ञात प्रथिनाचे नाव ‘-सदृश’ असे जोडून देते, आणि कॅडहेरिन कुल इतके मोठे आहे की कीटकाच्या आतड्यातील प्रथिनाला एखाद्या कशेरुकी प्राण्याच्या पूर्णपणे वेगळ्या अवयवातील प्रथिनाचे नाव मिळू शकते. म्हणून प्रसिद्ध झालेला कॅडहेरिनचा सीडीएनए क्रम (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएचा क्रम) घेऊन तो थेट जीनोमवर जुळवला, आणि पडताळणीसाठी रेशीमकिड्यातील बीटीआर१७५ या समकक्ष प्रथिनाचा क्रमही मिनीप्रॉट या आज्ञावलीने जुळवून पाहिला. दोन वेगळ्या मार्गांनी एकाच जागी पोहोचता आले, तरच ती जागा सारणीत लिहायची असे ठरवले आहे.

त्यानंतर प्रत्येक एक्सॉनची (अंतिम आरएनएमध्ये राहणाऱ्या तुकड्याची) सीमा पाहिली. इंट्रॉनच्या (मधल्या, कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीला ‘जीटी’ आणि शेवटी ‘एजी’ ही अक्षरे असणे अपेक्षित असते. जिथे तसे दिसत नाही तिथे जुळवणी सरकलेली आहे की खरोखरच अपवाद आहे, हे आरएनएच्या वाचनांवरून ठरवावे लागते. काम संथ आहे. परंतु प्रतिकाराचे निम्मे गूढ या सीमांवरच असल्यामुळे येथे घाई करणे योग्य होणार नाही.

२३ जून २०२५

रेफसेकच्या नोंदींमधील एका शेऱ्याविषयी सर्वांनी सावध राहणे आवश्यक आहे, म्हणून तो स्वतंत्रपणे लिहून ठेवतो. एखाद्या जनुकाच्या जागी जीनोममध्ये चौकट सरकवणारा बदल किंवा मध्येच थांब-संकेत (प्रथिनाची बांधणी थांबवणारी तीन अक्षरे) आढळला, आणि सजातीय प्रथिनांच्या तुलनेवरून तेथे पूर्ण जनुक असावे असे संगणकाला वाटले, तर ती प्रणाली त्या जागेची ‘दुरुस्ती’ करून अखंड प्रथिनाची नोंद तयार करते. अशा नोंदीच्या नावाआधी निम्न दर्जाचे प्रथिन असा शेरा असतो आणि प्रथिनाचा क्रम जीनोममधील क्रमाच्या तुलनेत बदललेला आहे, अशी टीप खाली दिलेली असते.

बहुतेक संशोधकांसाठी ही सोय उपयुक्त आहे, कारण जुळणीत राहिलेल्या वाचनदोषांमुळे चांगली जनुके मोडलेली दिसतात आणि ती पूर्ववत करून दाखवणे इष्टच असते. आमच्या कामात मात्र मोडलेले जनुक हीच शोधाची वस्तू आहे. प्रतिकारक अळीचा जीनोम उद्या कोणी जुळवून सादर केला आणि त्यातील खरा थांब-संकेत प्रणालीने वाचनदोष समजून पुसून टाकला, तर केवळ प्रथिनांचा संच उतरवून घेणाऱ्याला ती अळी संवेदनशील असल्यासारखी दिसेल. म्हणून सारणीतील प्रत्येक ओळ जीनोमच्या क्रमावरून तपासली जाईल. प्रथिनाची नोंद फक्त तुलनेसाठी वापरली जाईल. आणि असा शेरा असलेली नोंद आढळल्यास तिचा उल्लेख वेगळ्या रकान्यात केला जाईल.

२ जुलै २०२५

भारतातील अलीलांच्या ओळी आज भरण्यास घेतल्या. या संपूर्ण प्रकल्पात सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा हा भाग आहे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील शेतांमधून घेतलेल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिनचे ८ नवे सदोष अलील आढळले. या ८ अलीलांपासून मिळून आरएनएची १९ रूपे तयार होत होती. प्रत्येक रूपात एकतर अकाली थांब-संकेत होता, किमान ९९ बेसची गळती होती, किंवा दोन्ही होते. यांपैकी ७ अलील एकाहून अधिक रूपे तयार करत होते. याचा अर्थ असा की डीएनएमधील एकाच बिघाडामुळे पेशी आरएनएची जोडणी कधी एका प्रकारे तर कधी दुसऱ्या प्रकारे करते, आणि कोणत्याही प्रकारे केली तरी अखंड प्रथिन तयार होत नाही.

डेटाबेसच्या रचनेला ही गोष्ट सहज पेलवत नाही. जीनोमच्या डेटाबेसमध्ये जनुकाखाली त्याची आरएनए रूपे आणि रूपाखाली प्रथिन अशी उतरंड असते, आणि ती एकाच संदर्भ-जीनोमवर आधारलेली असते. ज्या अळीचा क्रम संदर्भ म्हणून घेतला तिच्यात जे नाही, त्याला या उतरंडीत स्वतःची जागा नसते. भारतीय शेतांतील या १९ रूपांचे क्रम जेनबँकेत सुट्या नोंदी म्हणून सापडतील, परंतु संदर्भ-जीनोमवरील कॅडहेरिनचे पान उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा पत्ता लागेलच असे नाही. आमच्या सारणीची खरी उपयुक्तता येथे आहे असे मला वाटते : अलीलाची ओळ, तिच्याखाली तिची सर्व रूपे, आणि प्रत्येक रूप संदर्भ-जीनोमच्या कोणत्या एक्सॉनपाशी वेगळे होते याची नोंद. एका अलीलाला एकच ओळ देण्याचा मूळ आराखडा त्यामुळे बदलला आहे.

यातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. अमेरिकेतील तीन अलील ओळखण्यासाठी तयार केलेल्या पीसीआर चाचण्या (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचण्या) आपल्याकडील नमुन्यांवर चालवून ‘प्रतिकारक अलील नाही’ असे म्हणणे धोक्याचे आहे, कारण ज्या अलीलांसाठी ती चाचणी बनलेलीच नाही, ते तिला दिसणार नाहीत. अमेरिकेत शिफारशीप्रमाणे बिगर-बीटी कापसाचे आश्रयक्षेत्र ठेवले गेले, पुढे वंध्य पतंग सोडण्यात आले, प्रतिकार दुर्मीळ राहिला, आणि २०१८ मध्ये तेथील कापूस पट्ट्यातून या किडीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. आपल्याकडे बिगर-बीटी बियाण्याची लागवड फारशी झाली नाही, फरदड (मुख्य वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखणे) घेतली गेली, आणि निवडीचा दाब वर्षानुवर्षे कायम राहिला. अलीलांची ही विविधता त्या इतिहासाशी सुसंगत आहे.

७ जुलै २०२५

स्थान-क्रमांकांविषयी निर्णय. जीएफएफ३ प्रकारच्या धारिकेत मोजणी १ पासून सुरू होते आणि शेवटचे स्थान धरले जाते. बेड प्रकारात ती ० पासून सुरू होते आणि शेवटचे स्थान धरले जात नाही. सारणीत सर्वत्र पहिली पद्धत वापरली जाईल आणि तसे रकान्याच्या शीर्षकातच लिहिले जाईल.

१६ जुलै २०२५

क्राय२एबीच्या प्रतिकाराशी निगडित एबीसीए२ या जनुकाचे काम सुरू आहे. हे पेशीपटलातून पदार्थ वाहून नेणाऱ्या एबीसी कुलातील प्रथिन आहे. ॲरिझोनातील अळ्यांपासून प्रयोगशाळेत निवडलेल्या वाणात आणि भारतातील शेतांतून आलेल्या प्रतिकारक अळ्यांत या जनुकाच्या आरएनएची जोडणी बिघडलेली असल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले, आणि २०२१ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या पद्धतीने हे जनुक मुद्दाम बिघडवल्यावर अळीत प्रतिकार निर्माण होतो हेही सिद्ध झाले. हा दुसरा पुरावा अधिक मोलाचा आहे. प्रतिकारक अळ्यांमध्ये बदल सापडणे हा संबंध झाला. बदल घडवून प्रतिकार निर्माण करणे हे कारण झाले.

या दोन प्रकारच्या आधारांतील फरक सारणीत दिसावा म्हणून जीन ऑन्टॉलॉजी या जनुकांच्या कार्यांविषयीच्या प्रमाणित शब्दसंग्रहातील पुराव्याच्या संकेतांची पद्धत स्वीकारत आहोत. फ्लायबेसमध्ये जनुकाच्या कार्याविषयीचे असे विधान कोणत्या शोधनिबंधावरून आणि कोणत्या प्रकारच्या पुराव्यावरून केले आहे हे त्या विधानासोबतच दिलेले असते. उत्परिवर्तित कीटकाच्या लक्षणांवरून काढलेल्या निष्कर्षाला ‘आयएमपी’ आणि केवळ संगणकीय साधर्म्यावरून लावलेल्या शेऱ्याला ‘आयईए’ असा संकेत असतो. आमच्या सारणीत ‘आयईए’ दर्जाची विधाने फिकट रंगात राहतील.

एबीसी कुलात क्रमांकांमुळे होणारा गोंधळही टाळायला हवा. कीटकांतील एबीसीए२ आणि माणसातील एबीसीए२ यांना एकच क्रमांक मिळालेला आहे म्हणून ती एकमेकांची समकक्ष जनुके ठरत नाहीत. माणसातील ते प्रथिन मुख्यतः मेंदूत आढळते. त्यामुळे समकक्षता ठरवताना आजूबाजूच्या जनुकांचा क्रमही पाहत आहोत. पतंग-फुलपाखरांच्या गटात गुणसूत्रांवरील जनुकांची सोबत दीर्घकाळ टिकून राहिलेली दिसते, आणि रेशीमकिड्याच्या २८ गुणसूत्रांशी तुलना करून ती तपासता येते.

२४ जुलै २०२५

एका विद्यार्थ्याने विचारले की अलीलाचे स्थान आपल्या संदर्भ-क्रमावरच का सांगायचे, प्रसिद्ध निबंधातील क्रमांक पुरेसा का नाही. याचे उत्तम उदाहरण डासांच्या संशोधनात आहे. पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या कीटकांच्या सोडियम वाहिनीत ल्युसिनच्या जागी फेनिलॲलनिन येते; हा बदल प्रथम घरमाशीत १०१४ या स्थानी मोजला गेला आणि तोच क्रमांक पुढे सर्व कीटकांसाठी रूढ झाला. ॲनोफिलीस गॅम्बी या डासाच्या स्वतःच्या प्रथिनात हीच जागा ९९५ वी आहे. दोन्ही क्रमांक बरोबर आहेत, परंतु कोणत्या क्रमावर मोजले हे सोबत लिहिले नाही, तर पुढचा संशोधक त्यांना दोन वेगळी उत्परिवर्तने समजू शकतो. म्हणून सारणीत रूढ क्रमांक आणि संदर्भावरील क्रमांक असे दोन रकाने राहतील.

५ ऑगस्ट २०२५

आजच्या बैठकीत डेटाबेसच्या भवितव्याविषयी चर्चा झाली, आणि ती या प्रकल्पाच्या नियोजनाशी थेट संबंधित असल्यामुळे येथे नोंदवत आहे. फ्लायबेस १९९२ पासून चालू आहे. हार्वर्ड, इंडियाना, केंब्रिज आणि न्यू मेक्सिको या विद्यापीठांतील गट मिळून ते सांभाळत आले. या वर्षीच्या मे महिन्यात हार्वर्ड विद्यापीठाची अमेरिकन सरकारकडून येणारी संशोधन अनुदाने रद्द झाली, त्यांत फ्लायबेसचे अनुदानही गेले, आणि जगभरच्या संशोधकांकडे देणग्या मागण्याची वेळ त्या गटावर आली. त्याआधी, २०२४ मध्ये, डासांसह रोगवाहक कीटकांची माहिती देणाऱ्या वेक्टरबेसचा ज्यात समावेश आहे त्या व्हीयूपाथडीबीचा सरकारी करार संपला आणि त्यांनाही वर्गणीचा मार्ग धरावा लागला.

येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. क्रम साठवणे हे यंत्राचे काम आहे आणि ते चालू राहील. परंतु एखाद्या जनुकाविषयी प्रसिद्ध झालेले निबंध वाचणे, त्यांतील परस्परविरोधी विधाने समोरासमोर ठेवणे, जुनी नावे आणि नवी नावे जुळवणे, आणि ‘हे विधान या प्रयोगावर आधारलेले आहे’ असे जबाबदारीने लिहिणे, हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे, आणि निधी थांबला की पहिली गदा त्यांच्यावरच येते. संकेतस्थळ काही काळ तसेच दिसत राहते, त्यामुळे आतले काम थांबल्याचे वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आम्ही या छोट्या सारणीसाठी जे करत आहोत, तेच काम ती माणसे सर्व जनुकांसाठी इतकी वर्षे करत आली आहेत, आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळांनी ते विनामूल्य वापरले आहे. त्यांच्याविषयी मनात कृतज्ञता आहे, आणि हे काम तुटू नये अशी तळमळही आहे.

नियोजनातील बदल : ज्या पानांचा आधार घेतला त्यांचा मजकूर, आवृत्ती आणि उतरवून घेतल्याची तारीख आमच्याकडे जतन केली जाईल, केवळ दुव्यावर अवलंबून राहणार नाही.

१४ ऑगस्ट २०२५

भारतातून सादर झालेल्या क्रमांच्या नोंदी तपासताना असे दिसते की क्रम उत्तम असतो, परंतु नमुना कोठला याची माहिती अनेकदा देशाच्या नावापुरतीच असते. प्रतिकाराच्या अभ्यासात एवढ्याने भागत नाही. अळी कोणत्या तालुक्यातील, कोणत्या महिन्यातील, बीटी झाडावरील की बिगर-बीटी, डोमकळीतून (अळी शिरल्याने न उमललेल्या फुलातून) घेतलेली की हिरव्या बोंडातून, पहिल्या वेचणीच्या वेळची की फरदडीची, हे माहीत नसेल तर अलीलांच्या प्रमाणाविषयी काहीच म्हणता येत नाही. ही माहिती सादरीकरणाच्या अर्जातील बायोसॅम्पल विभागात भरता येते. रकाने उपलब्ध आहेत, ते भरले जात नाहीत एवढेच.

आपल्या देशातील सोयही आता सुधारली आहे. फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्र २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची माहिती जमा करण्याविषयीची बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वे त्याआधी २०२१ मध्येच आली होती. आमच्या नमुन्यांचे क्रम तेथे सादर करण्याचे ठरले आहे.

क्षेत्रातील नमुन्यांसाठी मराठी अर्ज तयार केला. जो कृषी सहायक किंवा शेतकरी नमुना देणार आहे, त्याला समजेल अशाच शब्दांत तो आहे : गाव, तालुका, वाण, पेरणीची तारीख, कामगंध सापळ्यात अलीकडे पतंग सापडले होते का, मागील हंगामात फरदड ठेवली होती का. या उत्तरांतून इंग्रजी रकाने भरण्याची जबाबदारी प्रयोगशाळेची राहील.

२ सप्टेंबर २०२५

सारणीची पहिली आवृत्ती आज गोठवली. कॅडहेरिनच्या अमेरिकी आणि भारतीय अलीलांच्या ओळी दोघांनी स्वतंत्रपणे तपासून पूर्ण झाल्या आहेत. एबीसीए२ च्या भारतीय नमुन्यांतील रूपांच्या ओळी आरएनएच्या वाचनांशी ताडून पाहणे शिल्लक असल्यामुळे त्यांच्यापुढे ‘अपूर्ण’ असे स्पष्ट लिहिले आहे. अपूर्ण ओळ रिकामी ठेवण्यापेक्षा ती अपूर्ण आहे असे सांगून देणे वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

कपाशी आता पात्या-फुलांवर आहे आणि डोमकळ्या दिसू लागल्याचे निरोप येत आहेत. पुढील आठवड्यात नमुने आणण्यासाठी आरएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या कुप्या, चिठ्ठ्या आणि अर्जांचे संच तयार ठेवावेत. प्रत्येक कुपीत एकच अळी असावी आणि बिगर-बीटी झाड असलेल्या शेतातून त्या झाडावरील अळ्या वेगळ्या घ्याव्यात. त्या अळ्यांचे क्रम हाती आले की दुसऱ्या आवृत्तीचे काम एबीसीए२ च्या सहाव्या एक्सॉनभोवतीच्या जोडण्यांपासून सुरू होईल.